बिघडवायला परवानगी असलेलं नेटवर्क

पांझरेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाटाचं पाणी समजावून सांगावं लागत नाही. साक्री, धुळे भागातली ती जुनी फड पद्धत, नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि कुठल्या फडाला कधी पाणी सोडायचं ते बघणारा पाटकरी. आता मला सांगा, नवीन पोराला हे काम शिकवायचं असेल तर ऐन उन्हाळ्यात उस उभा असताना दारं त्याच्या हवाली करून "शिक भो" असं कुणी म्हणेल का? एक दार चुकलं की कुणाचं तरी वावर कोरडं, आणि संध्याकाळी पारावर भांडण. पण हीच पोरं लहानपणी पाटाच्या कडेला ओल्या मातीत बोटानं छोटे छोटे पाट काढतात, काडीचं दार करतात, बांध फोडून बघतात, पाणी कुठून कुठे पळतं ते बघत बसतात, आणि खरं शिक्षण तिथं होतं.

नेटवर्किंगची व्हर्च्युअल लॅब म्हणजे ती ओली माती.

मी डिप्लोमाच्या पोरापोरींना नेटवर्क आणि सिक्युरिटी शिकवतो, खानदेशातच, तालुक्याच्या गावात, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मी हा विषय ओल्या मातीशिवाय शिकवला. तेव्हाच्या कॉलेजात दोन राउटर, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती वळवणारी यंत्रं, होते पण कपाटात, कुलपात, कारण महागाची वस्तू, बिघडली तर जबाबदार कोण. प्रॅक्टिकलच्या दिवशी एक राउटर बाहेर निघायचा, मी कमांड मारायचो, वीस पोरं टाचा उंचावून बघायची, आणि नंतर जर्नलमध्ये मागच्या बॅचचं आउटपुट उतरवून काढायची. त्यातल्या कितीतरी जणांनी डिप्लोमा हातात पडेपर्यंत राउटरला बोट लावलेलं नव्हतं. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण पोरं हुशार होती, कुणी यावलकडून केळीच्या बागेतून यायचं, कुणी शहाद्याकडून पहाटेची एसटी पकडून, आणि आम्ही त्यांना यंत्र दुरून दाखवत होतो.

तर आधी व्हर्च्युअल म्हणजे नेमकं काय ते बघू. एका वावरात बांध घालून चार वाफे पाडले की एकात वांगी, एकात मिरची, एकात कोथिंबीर लावता येते, माती तीच, विहीर तीच, पण एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात जात नाही. तुमच्या कॉम्प्युटरची रॅम, प्रोसेसर आणि डिस्क यांचे असेच वाफे पाडणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला हायपरवायझर म्हणतात, व्हर्च्युअलबॉक्स हे त्यातलं फुकट मिळणारं आणि सगळ्यात ओळखीचं. प्रत्येक वाफ्यात एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसते आणि तिला वाटतं की आपण स्वतंत्र मशीन आहोत, आपलं स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे, त्याला स्वतःचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा नंबर, आहे. दोन मशीनमधली वायर आणि वायरी एकत्र जोडणारा स्विचसुद्धा सॉफ्टवेअरच. पण त्या नसलेल्या वायरमधून जाणारं पॅकेट, म्हणजे पत्ता लिहिलेला माहितीचा तुकडा, मात्र अगदी खऱ्यासारखं असतं, टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनांनी आपसात बोलायच्या पद्धतीचं, ते सिन, सिन-ॲक, ॲक असं तीन टप्प्यांचं हस्तांदोलन जसं मुंबईच्या सर्व्हरशी होतं तसंच इथं एका जुन्या डेस्कटॉपच्या पोटात होतं, आणि वायरशार्क नावाचं पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर लावून ते एक एक पॅकेट उघडून बघता येतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट. मशीनची आत्ताची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवायची, मग पाहिजे ते करायचं, फायरवॉलचे, म्हणजे कुणाला आत सोडायचं कुणाला नाही त्याचे, नियम उलटे लिहा, रूटिंग टेबल, म्हणजे कुठलं पॅकेट कुठल्या वाटेनं जाणार त्याची यादी, पुसून टाका, सिस्टिमच्या फायली उडवा, आणि शेवटी एक क्लिक करून मागं या. पोराच्या मनातली भीती इथं जाते. जी पोरं आधी "सर एंटर मारू का?" असं दहादा विचारायची ती आता आधी मारतात आणि मग येऊन विचारतात की असं का झालं, आणि शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगला प्रश्न मिळत नाही.

आता व्हर्च्युअल लॅब म्हटलं की लोक सगळं एकाच टोपलीत टाकतात, पण यात तीन वेगळ्या जाती आहेत आणि फरक माहिती नसला तर चुकीच्या कामाला चुकीचं हत्यार वापरलं जातं. पहिली जात सिम्युलेटर. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर घ्या, नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतं, साध्या मशीनवर चालतं, राउटर स्विच ओढून आणायचे, वायर जोडायची, पॅकेट हळूहळू सरकताना दिसतं. पहिल्या सेमिस्टरला यापेक्षा चांगलं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो राउटर खरा नाही, राउटरसारखं वागणारा कार्यक्रम आहे, बनवणाऱ्यानं जेवढं आत घातलं तेवढंच तो करतो, एखादी कमांड खऱ्या राउटरवर चालते आणि इथं चालत नाही असं होतं. दुसरी जात इम्युलेटर, उदाहरणार्थ जीएनएस३, इथं राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालतं, फक्त खालचं लोखंड नकली. वागणं खरं, पण रॅम खातं आणि सिस्कोचं सॉफ्टवेअर लायसन्सनंच घ्यावं लागतं, कुठून तरी उतरवलेली फाइल पोरांना वाटायची नसते. तिसरी जात म्हणजे वर सांगितलेले वाफे, पूर्ण मशीन. सिक्युरिटी शिकवायला ही तिसरीच लागते, कारण हल्ला खऱ्या सॉफ्टवेअरमधल्या खऱ्या चुकीवर होतो आणि ती चूक सिम्युलेटरमध्ये नसतेच.

ब्राउझरमध्ये चालणारे प्रयोगही आहेत, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्प आहे, त्यात आयआयटी दिल्ली पुढं आहे, आणि काही इन्स्टॉल न करता सुरुवात करायची असेल तर तो बरा. इंटरनेट नीट असलं पाहिजे एवढंच.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन तयार केलं की नेटवर्कच्या खान्यात तो विचारतो, कसं जोडू? नॅट, ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली, इंटरनल. पोरं हा खाना वाचतच नाहीत आणि निम्मे घोळ इथंच होतात. नॅट म्हणजे आतलं मशीन तुमच्या कॉम्प्युटरच्या आडून बाहेर जातं, इंटरनेट मिळतं, पण शेजारच्या मशीनशी बोलता येत नाही. दर वर्षी कुणीतरी येतंच, "सर, मना पिंगच जाई नै ऱ्हायना" (पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला 'आहेस का?' अशी मारलेली हाक), जाऊन बघावं तर दोन्ही मशीन नॅटवर आणि दोघांचाही आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १०.०.२.१५, कारण व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून तोच पत्ता देतो. इंटरनल म्हणजे मशीनं फक्त आपापसात बोलणार, बाहेरच्या जगाशी संबंध शून्य, अगदी तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरशीसुद्धा नाही. होस्ट-ओन्लीत तुमचा कॉम्प्युटर आणि आतली मशीनं एवढंच जग. आणि ब्रिज्ड म्हणजे आतलं मशीन थेट कॉलेजच्या नेटवर्कवर येऊन बसतं, जणू कुणी नवीन कॉम्प्युटर आणून वायर खोचली.

ब्रिज्डची किंमत मला एकदा चांगली कळली. ॲडमिशनचे दिवस होते, ऑफिससमोर पालकांची रांग, आणि अचानक ऑफिसातले तीन-चार कॉम्प्युटर इंटरनेटवरून गेले, बाकीचे चालू. रीस्टार्ट केला की आणखी एक बंद. कंपनीला फोन झाला, लाइन ठीक आहे म्हणे. मी बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर आयपी बघितला तर १०.१०.१० नं सुरू होणारा, आमचं नेटवर्क तर १९२.१६८ चं! म्हणजे कुणीतरी दुसराच पत्ते वाटत होता. मग एआरपी टेबल, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकचा त्याची यादी, उघडलं, त्या दुसऱ्याच गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, मॅक ॲड्रेस बघितला, सुरुवात ०८:००:२७. हा आकडा व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनांचा, ते आपल्या नकली कार्डांना असाच मॅक देतं. सरळ लॅबमध्ये गेलो. एक मुलगा मन लावून डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरांना आयपी पत्ते वाटणारं मशीन, बनवत बसला होता, सर्व्हर बनवलाही अगदी बरोबर होता, फक्त मशीन ब्रिज्डवर होतं.

डीएचसीपीची गंमत अशी की नवीन कॉम्प्युटर सुरू झाला की तो सगळ्या नेटवर्कमध्ये आरोळी ठोकतो, मला पत्ता द्या, आणि देणारा खरा अधिकारी आहे का हे तो तपासत नाही, साधारणपणे ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचं घेतो. लॅबमधलं मशीन ऑफिसच्या राउटरपेक्षा चपळ निघालं एवढंच. त्या मुलाला मी रागावलो नाही. लॅबमध्ये पहिल्या तासाला मशीन इंटरनलवर टाकायला शिकवणं माझं काम होतं आणि ते राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग आम्ही इंटरनल नेटवर्कमध्ये मुद्दाम उभा केला, एक खरा डीएचसीपी, एक लबाड डीएचसीपी, पत्ता मागणारे दोन क्लायंट, वायरशार्कमध्ये दोन्ही ऑफर शेजारी शेजारी दिसल्या, आणि मग मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय का असते, म्हणजे ठरलेल्या पोर्टवरूनच पत्तेवाटप होऊ द्यायचं, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

सिक्युरिटीचा माझा आवडता प्रयोगही असाच तीन मशीनांचा आहे. अ हा साधा वापरणारा, ब हा सर्व्हर, क हा डोकावणारा, तिघं एका इंटरनल नेटवर्कवर. आधी अ वरून ब वर टेलनेटनं, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीनं, लॉगिन करायचं आणि अ वरच वायरशार्क लावून ठेवायचं. टेलनेट पासवर्ड लपवत नाही, एक एक अक्षर उघडं पाठवतं, स्ट्रीम जोडून बघितली की पूर्ण पासवर्ड समोर. वर्गात इथं शांतता होते दरवर्षी. मग तेच एसएसएचनं, म्हणजे सगळं कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीनं, करायचं, नुसता न कळणारा कचरा दिसतो. इथपर्यंत पोरांना वाटतं, ठीक आहे, पण क ला हे दिसणारच कसं, स्विच तर ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. बरोबर आहे, क वर वायरशार्क लावला तर काही दिसत नाही, व्हर्च्युअलबॉक्ससुद्धा सुरुवातीला दुसऱ्याचं पॅकेट दाखवत नाही.

मग येतं एआरपी. आयपी पत्ता माहिती आहे पण मॅक माहिती नाही, तर अ सगळ्यांना ओरडून विचारतो, अमुक आयपी कुणाचा? ज्याचा असेल तो म्हणतो, माझा, हा घे माझा मॅक. ही पद्धत १९८२ सालची, तेव्हा नेटवर्कवर ओळखीचीच माणसं असायची, म्हणून "माझा" म्हणणारा खरं बोलतोय का हे तपासायची सोयच त्यात ठेवलेली नाही. क नं अ ला सांगितलं की ब म्हणजे मी, आणि ब ला सांगितलं की अ म्हणजे मी, झालं, दोघांची पत्रं क च्या हातून जायला लागतात आणि क ती वाचून पुढं पाठवतो, दोघांनाही पत्ता लागत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तुमच्या घरी कुणी येऊन "मी बँकेचा माणूस" म्हणावं आणि आपण ओळखपत्र न बघता पासबुक द्यावं तसं. पण मी प्रयोग इथं थांबवत नाही, थांबवला तर अर्धाच राहतो. पोरांना सांगतो, आता अ च्या मशीनवर बसा आणि चोर पकडा. एआरपी टेबल उघडा. दोन वेगळ्या आयपींसमोर एकच मॅक दिसतो. सापडला! मग ब ची नोंद कायमची पक्की करून बघा, हल्ला चालतो का? मग टेलनेटच्या जागी एसएसएच ठेवून हल्ला पुन्हा करा, क च्या हातात काय येतं? वाटेत माणूस बसला तरी पत्र कुलूपबंद असेल तर त्याचं काही चालत नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतः क च्या खुर्चीत बसून रिकाम्या हातानं उठणं वेगळं.

लोक विचारतात, हल्ले शिकवले तर पोरं वाया जाणार नाहीत का? मला हा प्रश्न योग्य वाटतो आणि मी तो टाळत नाही. पहिल्याच तासाला आयटी कायदा २००० सांगतो, कलम ४३ आणि ६६, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये लबाडीनं शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्याचा वायफाय, कॉलेजचा सर्व्हर, मित्राचा मोबाइल, सगळं त्यात आलं. पण याची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्यानं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कुठल्या मोठ्या युक्तीनं नाही, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता म्हणून. आपल्याकडे आता प्रत्येक जिनिंगला, पतपेढीला, सोन्याच्या दुकानाला कॅमेरे आहेत, ते बसवायला आमचीच पोरं जातात, आणि ज्यानं लॅबमध्ये एकदा ॲडमिन ॲडमिन टाकून मशीन उघडलंय तो मुलगा ग्राहकाचा पासवर्ड बदलल्याशिवाय शिडी उतरत नाही. सराव करायला मुद्दाम कच्ची ठेवलेली मशीनं मिळतात, मेटास्प्लॉइटेबल हे त्यातलं जुनं नाव, अर्धा जीबी रॅममध्ये चालतं. ते कधीही ब्रिज्डवर टाकायचं नाही, ते दार उघडं ठेवलेलं घर आहे, गावात बांधायचं नाही. आणि तयार धडे पाहिजे असतील तर अमेरिकेत सिराक्यूज युनिव्हर्सिटीच्या वेनलियांग डू सरांनी २००२ पासून सीड लॅब्स बनवल्यात, फुकट आहेत, मशीनसकट मिळतात, मी त्यातले कित्येक प्रयोग आमच्या पोरांच्या बेतानं सोपे करून घेतलेत.

आता खरी अडचण, मशीनं. तालुक्याच्या कॉलेजात आठ जीबी रॅम म्हणजे चैन. आठ असेल तर मूळ सिस्टिमला तीन-चार सोडून सिक्युरिटीची हत्यारं असलेलं दोन जीबीचं काली लिनक्स, अर्ध्याचं मेटास्प्लॉइटेबल आणि एखादं छोटं राउटर मशीन आरामात बसतं. मशीन चालूच होत नसेल किंवा ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, जुन्या डेस्कटॉपवर ते बरेचदा बंदच असतं. एकाच मशीनच्या प्रती काढताना नवीन मॅक तयार करा हा पर्याय निवडायचा, नाहीतर दोन मशीनांचा मॅक सारखा आणि दिवस वाया. आणि काली वगैरे तीन-चार जीबीच्या फायली प्रत्येकानं वेगळ्या उतरवायच्या नाहीत, एकदा रात्री उतरवून पेनड्राइव्हवरून वाटायच्या, कारण दुपारी लाइट जाते आणि नव्वद टक्क्यांवर आलेलं डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

आणि चारच जीबी असेल तर? तर लिनक्सची एक सोय आहे, मला ती फार उशिरा सापडली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्या शिक्षकाला सांगतो. नेटवर्क नेमस्पेस. आख्खं मशीन वेगळं करायच्या ऐवजी फक्त नेटवर्कचा भाग वेगळा करायचा, म्हणजे प्रत्येक नेमस्पेसला स्वतःचं कार्ड, स्वतःचं रूटिंग टेबल, स्वतःचं एआरपी टेबल, स्वतःची फायरवॉल, पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकच, डिस्क एकच. इथं वेगळे वाफेही नाहीत, एकाच वावरात फक्त पाण्याचे पाईप वेगळे. दोन नेमस्पेस जोडायला व्हेथ नावाची जोडी मिळते, ती म्हणजे दोन टोकांची वायर, एक टोक इकडं ठेवा, दुसरं तिकडं. रॅम जवळपास लागतच नाही, जुन्या मशीनवर वीस "कॉम्प्युटर" आणि पाच "राउटर" उभे राहतात. स्टॅनफर्डमधून आलेलं मिनिनेट याच पायावर उभं आहे. आमच्या पोरींच्या एका गटानं यावर भुसावळ जंक्शन उभं केलं होतं, मध्ये भुसावळचा राउटर, एका बाजूला जळगाव, तिथून एक फाटा अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेकडं आणि एक मनमाडकडं, दुसऱ्या बाजूला खंडवा आणि अकोला, प्रत्येक स्टेशन एक नेटवर्क. मग जळगावच्या रूटिंग टेबलातली नंदुरबारची एक ओळ पुसली आणि एकमेकींना विचारत बसल्या की गाडी कुठं अडकली. पाटकऱ्याला कुठल्या फडाचं पाणी कुठं हे जसं तोंडपाठ, तसं त्यांना ते टेबल पाठ झालं, पाणी आणि पॅकेटमध्ये फरक एवढाच की पॅकेटच्या अंगावर पत्ता लिहिलेला असतो.

यानं सगळं येतं असं मात्र मी म्हणणार नाही. वायर क्रिंप करणं, म्हणजे वायरीला टोकाची पिन बसवणं, हातानंच शिकावं लागतं, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा क्रम डोक्यात असून उपयोग नाही, बोटात पाहिजे. शंभर मीटरपेक्षा लांब तांब्याची वायर ओढली की काय होतं, उंदरानं कुरतडलेली वायर कधी चालते कधी नाही, मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंशात स्विच का लटकतो, हे व्हर्च्युअल लॅबमध्ये नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कपाटातले राउटरही बाहेर काढा, पण लॅबमध्ये शंभरदा चुकून आलेल्या पोराच्या हातात द्या.

शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पायरी एक, पायरी दोन असा छापील प्रयोग देऊ नका, तो पुन्हा जर्नल उतरवण्यासारखाच होतो. मी बिघडवलेलं नेटवर्क देतो. आणि कमांड मारायच्या आधी काय होईल ते वहीत लिहायचं, चुकलं तरी चालेल, खोडायचं नाही. सुरुवातीला हे करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दोन लिनक्स मशीनं, एकाच इंटरनल नेटवर्कवर, गेटवे द्यायचा नाही. अ ला १९२.१६८.१०.१०, मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. ब ला १९२.१६८.१०.२००, पण मास्क २५५.२५५.२५५.१२८. अ वरून पिंग मारा, उत्तर येत नाही. ब वरून मारा, लगेच नेटवर्क अनरीचेबल असं येतं. वायर तीच, स्विच तोच, मग दोघांची तक्रार वेगळी का? उत्तर सांगू नका. पोरांना दोन्ही मशीनांचं रूटिंग टेबल शेजारी शेजारी उघडायला लावा आणि तुम्ही चहा प्यायला जा.